अल्टो 800: आईच्या पाठीला बसणारे दणके कमी कसे करता येतील?

वाडीवरची लेक

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे 2014 ची अल्टो 800 आहे, सेकंडहँड घेतलेली. इंजिन उत्तम, मायलेज उत्तम, गाडीबद्दल तक्रार अशी कधीच नव्हती. पण हाडं ठिसूळ झाल्यामुळे यंदा आईचा कमरेच्या वरचा एक मणका दबला. ऑपरेशन करायचं नाही असं ठरलंय, पट्टा आणि औषधं चालू आहेत. तपासणीला मात्र चिपळूणला न्यावंच लागतं. गुहागरहून शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर करत साधारण पंचेचाळीस किलोमीटर. गाडी मीच चालवते.

आई तोंडाने काही बोलत नाही. खड्डा आला की दारावरचं हँडल गच्च धरते आणि ओठ मिटते. घरी पोचलो की दोन दिवस तिला कूस बदलायला त्रास होतो. हमरस्ता बरा म्हणायचा, वाडीतून वर येणारा जांभ्याचा तुकडा आणि गावागावातले स्पीडब्रेकर जीव काढतात.

गाडीची स्थिती सांगते. टायर 145/80 R12, नक्षी अजून चांगली दिसते. हवा पंपावर भरते, तिथला मुलगा पस्तीस-चाळीसच्या आसपास ठेवतो, म्हणतो मायलेज चांगलं मिळतं. आधीच्या मालकाने मागच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये जाड रबरी बफर बसवून घेतलेत, गाडी खाली घासू नये म्हणून. सीटवर रेक्झिनचं घट्ट कव्हर आहे. आई मागे डावीकडे बसते, पाय जरा पसरता येतात म्हणून.

एका दुकानात 13 इंची अलॉय आणि रुंद टायर टाकायला सांगितलं, "गाडी एकदम बसते" म्हणाले. नवी गाडी सध्या शक्य नाही. आहे त्यात काय करता येईल ते कृपया सांगा. पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे कळलं तरी खूप होईल.

घाटमाथा

आमच्या वॅगनआरलाही मागे दणके बसायचे. डिकीत चाळीस किलो वाळूची गोणी टाकली, फरक पडला. करून बघा, खर्च शून्य.

अलॉयचं म्हणाल तर दिसायला छान दिसतात, पण आरामासाठी नकोत असं माझंही मत.

पाना चौदा-पंधरा

ताई, आधी आईंना पुढच्या सीटवर बसवा. बाकी सगळं नंतर. आजपासून हे करा.

कारण सांगतो. मी कराडला बरीच वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. छोट्या गाडीत मागची सीट जवळजवळ मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, डोक्यावर असते. चाक उसळलं की ती उसळी सरळ माणसाच्या बुडाखाली येते. पुढची सीट दोन्ही चाकांच्या अधेमधे असते, तिथे गाडी कमी उचलली जाते. त्यात अल्टोला मागे सलग ॲक्सल आहे. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्या बाजूलाही त्याचा हिसका बसतो आणि आतला माणूस आडवा हलतो. दुखऱ्या मणक्याला उभ्या दणक्याइतकाच हा आडवा हिसका वाईट.

दुसरं म्हणजे मागच्या स्प्रिंगा. गाडी रिकामी जेमतेम सातशे किलोची. तिच्यात पाच माणसं आणि सामान भरलं तर आणखी तीन-चारशे किलो चढणार, आणि त्यातलं बरंचसं मागे. कंपनीला स्प्रिंग त्या भाराच्या हिशोबाने द्यावी लागते. मागे एकट्या आई बसल्या की त्या स्प्रिंगेला दबायला वजनच मिळत नाही. घाटमाथा यांच्या गोणीमागचं गणित हेच आहे, त्यांना फरक जाणवला तो खरा आहे. पण मी ती गोणी ठेवू देणार नाही. अल्टोची डिकी ॲक्सलच्या मागे पडते, तिथे वजन घातलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि जोरात ब्रेक लागला तर चाळीस किलोचा मोकळा गोळा सीटच्या पाठीवर आदळतो. आजारी माणूस गाडीत असताना तर नकोच.

आता तुमच्या गाडीतला खरा गुन्हेगार. ते रबरी बफर काढा.

हे बफर स्प्रिंगेचे दोन-तीन वेढे एकमेकांपासून जखडून ठेवतात. जेवढे वेढे जखडले तेवढी स्प्रिंग आखूड झाली, आणि आखूड स्प्रिंग म्हणजे कडक स्प्रिंग. गाडी वर उचललेली दिसते, घासत नाही, म्हणून लोकांना वाटतं सस्पेन्शन सुधारलं. चार-पाच जण घेऊन कायम फिरणाऱ्याला त्याचा थोडाफार उपयोग आहे. तुमच्यासारख्या दोन माणसांच्या प्रवासाला ते उलटंच काम करतात. मागच्या स्प्रिंगेतून काढणं अवघड नाही. गाडी जॅकवर घेऊन नीट टेकू लावला, ॲक्सल खाली लोंबकळू दिलं की वेढे उघडतात आणि रबर ओढून निघतं. तरी गॅरेजमध्येच करून घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. पुढच्या स्प्रिंगेला तर घरी अजिबात हात लावू नका. ती दाबून बसवलेली असते, सुटली तर जबडा फोडते.

मग हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर दिसेल, त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा थंड टायरचा आहे. म्हणजे सकाळी, गाडी हलवायच्या आधीचा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळाली की टायर तापतो आणि हवा तीन-चार पीएसआय वर जाते, म्हणून पंपावर पोचून मोजलेला आकडा खरा नसतो. बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर मिळतो, गेजसकट. तो घ्या, घरीच सकाळी मोजा. या गाडीत टायर हीच पहिली स्प्रिंग आहे आणि चाळीसची हवा भरून तुम्ही ती दगड करून टाकली आहे. पण उलट टोकही गाठू नका. स्टिकरच्या खाली हवा ठेवली तर बाजूची भिंत तापते, आणि खड्ड्यात रिम थेट काठावर आदळून वाकते. नायट्रोजनने गाडी मऊ होते असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

टायरची नक्षी चांगली आहे म्हणालात, पण वय बघितलंत का? भिंतीवर DOT नावाच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2317 असेल तर 2017 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी पळणाऱ्या गाडीचं हेच होतं, नक्षी झिजत नाही आणि रबर मात्र वाळून कडक होतं. नखाने दाबून बघा, भिंतीवर बारीक भेगा दिसतात का तेही बघा. सात-आठ वर्षांचे निघाले तर मी बदलायला सांगेन, आणि त्याच मापाचे घ्यायला सांगेन.

मापाचं एवढ्यासाठी म्हणतो. 145/80 म्हणजे टायरची रुंदी 145 मिलिमीटर आणि भिंतीची उंची तिच्या 80 टक्के, म्हणजे 116 मिलिमीटर. दुकानदार जे 13 इंची सांगतोय त्यात बहुतेक 155/65 बसवतात. त्याची भिंत 101 मिलिमीटरच्या आत येते. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला तुमच्या आईंच्या आणि रस्त्याच्या मधलं दीड सेंटिमीटर रबर तुम्ही पैसे देऊन कमी करून घेणार. गाडी "बसते" ती वळणावर. आपल्याला ती खड्ड्यावर बसायला हवी आहे.

एवढं करून दोन फेऱ्या मारा आणि मग शॉकअपकडे (शॉक ॲब्सॉर्बरकडे) बघा. दहा वर्षांच्या गाडीचे बदलले नसतील तर गेलेच असणार, तरी तपासल्याशिवाय बदलू नका. कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळे करतात. गाडी वर येऊन तिथेच थांबली तर ठीक, आणखी डुलली तर शॉकअप मेला. पण या चाचणीत पुरता मेलेलाच सापडतो, अर्धमेला नाही. त्यासाठी शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलावा आहे का बघा, आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. मध्येमध्ये खळगे लागले तर चाक रस्त्यावर टिकत नाहीये, नाचतंय. बदलायचे झाले तर जोडीने, पुढची जोडी किंवा मागची जोडी. पुढचे शॉकअप स्प्रिंगेसकट असतात, त्याला स्ट्रट म्हणतात. ते काढताना त्यांना वर बॉडीशी धरणारं स्ट्रट माउंटिंग, शॉकअप तळाला आदळू न देणारा रबरी बंप स्टॉप आणि धुळीचं रबर नवंच घाला. मजुरी एकदाच जाते. चारही शॉकअपचा खर्च चार नव्या टायरांपेक्षा कमीच येईल.

आता एक गोष्ट, जी मी गॅरेजला आलेल्या प्रत्येक पोराला शिकवली. बुश, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकातली रबरं, बदलले, मग ते पुढच्या लोअर आर्मचे असोत की मागच्या आर्मचे, त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हलके लावायचे, गाडी चारही चाकांवर जमिनीवर आणायची, थोडी हलवून बसू द्यायची, आणि मग पिटात जाऊन आवळायचे. हवेत आवळलं तर बुशचं रबर चाक खाली लोंबत असतानाच्या जागी पकडलं जातं. गाडी खाली आली की ते रबर पिळलेलं राहतं. गाडी कायम ताठ चालते आणि बुश वर्षभरात फाटतो. गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट होता. माल चांगला असतो, आवळायची वेळ चुकलेली असते. मेकॅनिकला हे अगदी समोर उभं राहून सांगा. कुणी रागावलं तर रागावू दे.

तीन सिलेंडरचं इंजिन आहे, ते ज्या रबरी टेकूंवर असतं ते माउंटिंग बसलं असेल तर एसी लावून गाडी उभी असताना सीट थरथरते. तसं होत असेल तर तेही बघून घ्या, मणक्याला सततची थरथरही त्रास देते. आवाज कमी करायच्या चादरी वगैरेंच्या मागे सध्या लागू नका.

राहिलं चालवणं. स्पीडब्रेकरवर लोक शेवटपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात. ब्रेक दाबला की पुढची स्प्रिंग आधीच अर्धी दबते आणि धक्का गिळायला जागाच उरत नाही. ब्रेक आधी लावा, पुढचं चाक चढायच्या क्षणी पाय उचला, पहिल्या गिअरमध्ये गाडी आपोआप चढू दे. आणि सरळ चढा. खाली घासू नये म्हणून तिरकी घालायची सवय असते, पण तिरक्या गाडीत माणूस चार वेळा झुलतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून 25 च्या वेगाने आरामात जाता येतं. गावात रातोरात घातलेले उंचवटे त्या मापाचे नसतात, तिथे चालण्याच्या वेगानेच जा.

अल्टोच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2360 मिलिमीटर अंतर आहे. चाळीसच्या वेगाने पुढचा दणका आणि मागचा दणका यांच्यात सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. गाडी पहिल्यातून सावरायच्या आत दुसरा येतो. वीसच्या वेगाने तोच वेळ दुप्पट होतो. जांभ्याच्या रस्त्यावर एवढं जरी पाळलंत तरी आईंना फरक कळेल.

हलका हात

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गाडीचं काकांनी सांगितलं, मी बसण्याचं सांगते. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

दबलेल्या मणक्याला दोन गोष्टी चालत नाहीत, पुढे वाकणं आणि पिळणं. अल्टोची सीट खाली आहे, त्यामुळे आत शिरताना माणूस नेमकं हेच दोन्ही एकदम करतो. घरी पोचल्यावर दोन दिवस दुखतं त्यात रस्त्याचा वाटा असेलच, पण चढण्या-उतरण्याचाही मोठा वाटा असू शकतो. सीट पूर्ण मागे सरकवा. आईंनी सीटकडे पाठ करून आधी बुड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवत. सीटवर जाड प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर त्यावरून सहज फिरता येतं. बसून झाल्यावर पिशवी काढून घ्या, नाहीतर ब्रेक लागल्यावर घसरायला होतं.

पाठ टेकलेली, सीटची पाठ किंचित मागे. पूर्ण आडवी करू नका, त्यात सीटबेल्ट पोटावर सरकतो. सीटबेल्टची खालची पट्टी मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या हाडावरच हवी. कमरेच्या खोलगट जागी पंचाची गुंडाळी ठेवा, मनगटाएवढी पुरे. बुडाखाली मऊ उशी नको. मऊ उशी खड्ड्यात पूर्ण दबते आणि दणका तळालाच लागतो. घट्ट फोमची, दोन-तीन बोटं जाडीची गादी घ्या, गुडघ्यांपेक्षा कंबर थोडी वर राहील अशी.

ते रेक्झिनचं कव्हर ताणून बसवलेलं असेल तर काढा. खालचा फोम त्याच्यामुळे दबूच शकत नाही. फोमच बसला असेल तर कुशनवाल्याकडून तेवढी बैठक नव्याने भरून घ्या, पण मऊपणाच्या मागे न लागता जास्त घनतेचा फोम मागा.

मार्गताम्हान्याला पाच मिनिटं थांबवा. उतरून उभं राहू दे त्यांना.

वाडीवरची लेक

काका, ताई, दोघांचे खूप आभार. वाचून लगेच कामाला लागले.

बफर काढले. दोन्ही बाजूंना एवढं कडक झालेलं रबर होतं की कात्रीने कापलं गेलं नसतं. हवा स्टिकरप्रमाणे केली, कॉम्प्रेसर भावाने पाठवला. रेक्झिन काढलं, पंचा आणि गादी ठेवली. आईला पुढे बसवून परवा जाऊन आलो. रामपूरच्या पुढे ती माझ्याशी गावातल्या लग्नाबद्दल बोलायला लागली. एरवी या रस्त्याला ती एक शब्द बोलत नाही. रात्री कुशीवर झोपली.

टायरवर 1916 असा आकडा आहे, म्हणजे जायचेच. पण आधी टायर की आधी शॉकअप? दोन्ही एकदम जमणार नाही. पुढच्या डाव्या बाजूने लहान खड्ड्यात टक-टक असा आवाज येतो, स्टिअरिंग वळवलं की कधीकधी हलका कट्ट होतो. आणि बफर काढल्यावर मागची बाजू खाली आली आहे, वाडीच्या चढाला घासेल का याची भीती वाटते.

पाना चौदा-पंधरा

आई बोलल्या हे वाचून फार बरं वाटलं, ताई.

आधी टायर. आरामासाठीही आणि पावसासाठीही. इतकं जुनं रबर ओल्या रस्त्यावर धरत नाही आणि तुमच्याकडचा पाऊस मला माहीत आहे. चारही जमत नसतील तर दोन घ्या आणि नवे दोन मागे लावा. लोक पुढे लावतात, पण ओल्या वळणावर मागचं बूड सुटलं तर गाडी हातात राहत नाही. पुढचे दोन त्यानंतर लवकरात लवकर. घेताना दुकानदाराला आठवड्याचा आकडा दाखवायला सांगा, दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत गळ्यात मारतात.

टक-टक आणि वळवताना कट्ट, हे दोन्ही एकत्र असेल तर माझा संशय डाव्या स्ट्रट माउंटिंगवर आहे. बॉनेट उघडा, एकाला गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग सावकाश वळवायला सांगा आणि तुम्ही स्ट्रटच्या टोकावर बोटं ठेवा. वरचा नट अडकत अडकत, झटक्याने फिरत असेल तर माउंटिंगचं बेअरिंग गेलं. तिथे सगळं सुरळीत असेल तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा, आणि बुश बघायला लावा, आणि तेही टायरच्या आधी. बॉल जॉइंटमध्ये खेळ सापडला तर तो बदलल्याशिवाय आईंना घेऊन निघू नका. काम झालं की अलाइनमेंट करायची, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाऊन टाकेल.

मागची बाजू खाली आली ती मूळ उंचीवर आली. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 160 मिलिमीटर आहे आणि दोन माणसांत तेवढा पुरतो. तरी सपाटीवर दोन्ही मागच्या चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. दोन्हींत बोटभराचा फरक असेल तर एका बाजूची स्प्रिंग बसली आहे किंवा तिचा शेवटचा वेढा तुटला आहे. बफरच्या आड तुटलेला वेढा दिसत नाही, मी असे पाहिलेत. तसं निघालं तर दोन्ही स्प्रिंगा मूळ मापाच्या नव्या घाला, जुन्या ताणून आणू नका.

वाडीच्या चढावर मधला उंचवटा वाढला असेल तर एक चाक त्यावर आणि एक कडेला घेऊन चढा, सावकाश. हा एवढाच तुकडा तिरका चालेल. आई शक्य असेल तर तेवढं अंतर चालून येऊ देत, नाहीतर खुर्चीवरून वर आणा आणि गाडी वरच उभी ठेवा.

वाडीवरची लेक

मोजलं. डावीकडे उजवीपेक्षा दोन बोटं कमी आहे. टॉर्च मारून बघितलं, डाव्या स्प्रिंगेचा सगळ्यात खालचा वेढा तुटून स्प्रिंग टेकते त्या बशीत पडलाय.

पाना चौदा-पंधरा

मग क्रम बदला. उद्याच स्प्रिंगांची जोडी, तोवर गाडी बाहेर काढू नका. तुटलेलं टोक टायरला लागू शकतं. मागचं काम उघडलेलंच असेल तर शॉकअपची मागची जोडी त्याच वेळी घाला, वेगळी मजुरी लागणार नाही. पुढचं माउंटिंग आणि बॉल जॉइंटही तेव्हाच बघून घ्या. टायर पुढच्या महिन्यात. आणि मागच्या आर्मचे बोल्ट सैल केलेच तर गाडी जमिनीवर आल्यावर आवळायला सांगायचं विसरू नका.